पाचवा पाय बघता येतो का?

मागच्या महिन्यात पोस्टडॉकचा, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या जागेचा, इंटरव्ह्यू झाला. ऑनलाइनच होता, दुपारी साडेतीनची वेळ, मी आमच्या बडोद्यातल्या दांडिया बाजारच्या घरात माडीवरच्या खोलीत दार लावून बसलेले आणि खाली सासूबाईंनी टीव्ही बंद करून लेकीला गोष्टी सांगत धरून ठेवलेलं. पॅनेलवर चौघं जण होते. पीएचडीबद्दल विचारलं, पेपरबद्दल विचारलं, मधे चार वर्षांची गॅप का ते विचारलं, आर या कॉम्प्युटरच्या भाषेत कोडिंग येतं का, जहाजावर किती दिवस राहिलात, बोट लागते का, सगळं झालं. आणि तोपर्यंत एक शब्दही न बोललेल्या ज्येष्ठ मॅडम जरा पुढे सरकल्या आणि म्हणाल्या, "पाचवा पाय बघता येतो का तुम्हाला?"

म्हटलं, हो मॅडम, येतो.

"स्वतः काढून?"

हो, स्वतः काढून.

मग त्यांनी विचारलं कुणाकुणाचा काढलाय, मी अकार्टिया, सेंट्रोपेजिस, लॅबिडोसेरा, स्यूडोडायॅप्टोमस अशी समुद्रातल्या बारीक प्राण्यांची नावं सांगत गेले, सुया कुठल्या वापरता ते विचारलं, ग्लिसरीनमध्ये काढता का लॅक्टिक ॲसिडमध्ये तेही विचारलं. पाच-सात मिनिटं आम्ही दोघीच बोलत होतो आणि बाकीचे तिघं ऐकत होते. दहा दिवसांनी ईमेल आला, जागा मिळाली. दोन वर्षं, पश्चिम किनाऱ्यावरच्या एका संस्थेत, काम अरबी समुद्रातल्या प्लवकांचं, म्हणजे प्लँक्टनचं.

त्या दिवसापासून घरी, शेजारी, माहेरी रावपुऱ्यात सगळ्यांना सांगतेय आणि सगळ्यांना वेगवेगळ्या तुकड्यांत सांगतेय, म्हणून म्हटलं एकदा सलग लिहून काढू.

आधी पाचव्या पायाचं सांगते कारण माझ्या लेखी सगळं तिथेच आहे. समुद्राच्या पाण्यात बारीक जाळी ओढली की जे काही प्राणी हाती येतात त्यात बहुतेक वेळा सगळ्यात जास्त असतात ते कोपेपॉड. कोळंबी-खेकड्यांचे लांबचे भाऊबंद, आकार साधारण एक मिलिमीटर, काही त्याहून लहान काही मोठे, तांदळाची बारीक कणी पाण्यात टाकली आणि तिला दोन लांब मिशा लावल्या तर कशी दिसेल तसे. वरून बघितलं तर एका वंशातल्या दहा जाती अगदी एकसारख्या दिसतात. फरक कळतो तो पोहायच्या पायांच्या शेवटच्या जोडीत, म्हणजे पाचव्या पायात. नराचा उजवा पाय वेगळा, डावा वेगळा, एका बाजूला चिमट्यासारखी पकड, कारण मादीला धरून तिच्या अंगावर शुक्राणूंची पिशवी नीट जागेवर चिकटवायची असते. प्रत्येक जातीची पकड वेगळी, काटे वेगळे. काही वंशांत मादीला तो पाय नसतोच, आणि तो नाहीये हीच ओळख. म्हणजे हा प्राणी नक्की कोण हे सांगायचं तर मिलिमीटरभर अंगाचा सगळ्यात मागचा पाय सुटा करून मायक्रोस्कोपखाली आडवा झोपवावा लागतो.

ते करायचं कसं, तर काचपट्टीवर ग्लिसरीनचा एक थेंब, त्यात एकच प्राणी. अगरबत्तीच्या काडीला इन्सेक्ट पिन, म्हणजे किडे टोचून ठेवायची बारीक टाचणी, बांधून केलेल्या दोन सुया, विकतच्यापेक्षा मला याच हाताला बसल्यात. डाव्या सुईनं छाती दाबून धरायची, पण फुटेल इतकी नाही. उजवीनं पाय जिथे अंगाला जोडलेला असतो त्या सांध्याच्या किंचित वरून कापायचं. कोपर टेबलावर टेकलेलं पाहिजे आणि श्वास जरा धरलेला पाहिजे. आणि पंखा बंद, कारण पंखा चालू असला की वरून झाकायची पातळ काच, म्हणजे कव्हरस्लिप, उडते. बडोद्यात मे महिन्यात, बाहेर ४२ असताना, पंखा बंद करून दुपारभर बसायचं म्हणजे काय ते इथल्या लोकांना सांगायला नको. माझ्या पीएचडीची निम्मी वर्षं अशीच गेली आणि ती मला फार आवडली, हे मी मनापासून सांगतेय.

लोक विचारतात बडोद्यात समुद्र कुठाय, तू समुद्राचं शिकलीस कशी. मला वाटतं सुरुवात कमाटीबागेत झाली. लहानपणी आजी दर रविवारी न्यायची, आणि म्युझियममध्ये तो निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे ना, ७० फुटांहून लांब, त्याच्याखाली मला उभी करायची. १९४४ साली मही नदीच्या मुखाशी येऊन लागला होता तो. आजी तेव्हा लहान होती, तिच्या वडिलांनी घरी येऊन सांगितलेलं तिला आठवायचं. मी विचारायचे, हा काय खायचा गं, आणि आजी म्हणायची मोठे मोठे मासे खात असेल. कॉलेजात कळलं की नाही, निळा देवमासा जगतो तो क्रिल आणि तसल्याच बारीक कोळंबीसारख्या जिवांवर, म्हणजे प्राणी-प्लवकांवर, रोज टनांनी. आजपर्यंत पृथ्वीवर झालेला सगळ्यात मोठा प्राणी आणि त्याचं जेवण बोटाच्या पेरापेक्षा फार मोठं नाही. आजीला हे सांगितलं तेव्हा ती खूप वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "म्हणजे पाणी पिऊनच जगायचा म्हण की."

प्लवक म्हणजे कुठला एक प्राणी नाही, जगायची एक तऱ्हा आहे. प्रवाहाच्या विरुद्ध पोहता येत नाही, प्रवाह नेईल तिकडे जायचं, असे सगळे प्लवक. हा शब्द जर्मनीच्या व्हिक्टर हेन्सननी १८८७ मध्ये रूढ केला, ग्रीकमध्ये त्याचा अर्थ भटकणारा. जेलीफिश यात, माशांची नुकती जन्मलेली पिल्लं यात, बारीक शेवाळं यात, आणि कोकणात आपल्याकडे जो सुका जवळा कांद्यावर परततात तोही बऱ्याच अंशी यातलाच. गुजरातेत जाफराबादच्या बाजूला जवळा आणि बोंबील टनावारी वाळवतात, बोंबील जवळ्यावर जगतो, आणि जवळा त्याहून बारीक प्लवकांवर. हे इतकं सरळ असताना "प्लँक्टन म्हणजे काय तरी शेवाळ ना" असं ऐकलं की वाईट वाटतं. एक अजून, व्हॉट्सॲपवर फिरतं की आपण घेतो त्यातला अर्धा प्राणवायू समुद्रातून येतो. पृथ्वीवरच्या प्रकाशसंश्लेषणातला साधारण अर्धा वाटा समुद्रातल्या प्लवकांचा आहे हे खरं, पण तिथे तयार झालेला बहुतेक प्राणवायू समुद्रातच श्वासाला आणि कुजण्याला वापरला जातो. प्लवकांचं मोठेपण दाखवायला अर्धवट वाक्याची गरज नाहीये, त्यांनी धरून ठेवलेल्या कार्बनवर आणि त्यांच्यावर उभ्या असलेल्या मासेमारीवर बोललं तरी पुरे आहे.

माझं पीएचडीचं फील्ड होतं खंभातचं आखात. त्याच्या काठावर कावी-कंबोईला स्तंभेश्वर महादेवाचं देऊळ आहे, दिवसातून दोनदा भरतीत पाण्याखाली जातं, लोक ते बघायला येतात. बडोद्याहून दोनेक तास. मी पहाटे साडेचारला निघायचे, गाडीत बाटल्या, सॅम्पल टिकवायचं फॉर्मॅलिन, जाळी, सेकी डिस्क. हे आखात म्हणजे भयंकर जागा आहे, भावनगरच्या बाजूला भरती-ओहोटीतला फरक १० मीटरच्या वर जातो, मही, साबरमती, नर्मदा, तापी सगळ्या नद्या गाळ आणून ओततात आणि भरती तो गाळ खाली बसूच देत नाही. सेकी डिस्क म्हणजे पांढरी-काळी चकती दोरीनं पाण्यात सोडायची आणि कुठे दिसेनाशी होते ते मोजायचं, इटलीच्या सेकी नावाच्या पाद्र्यानं १८६५ मध्ये काढलेली युक्ती, अजून चालते. खुल्या समुद्रात ती वीस-तीस मीटरपर्यंत दिसते. आमच्याकडे वीतभरात गायब. उजेडच खाली जात नाही म्हणून वनस्पती-प्लवक कमी, जाळी वर काढली की आधी चिखल निघायचा आणि त्या चिखलातून धुऊन धुऊन प्राणी काढायचे. एकदा एक म्हातारा कोळी किती तरी वेळ बघत उभा होता, शेवटी म्हणाला, "बेन, आ कादवमां शुं शोधो छो?" म्हणजे या चिखलात काय शोधताय? मी भिंग त्याच्या हातात दिलं आणि बाटली उन्हाला धरली. त्यानं बघितलं, आणि म्हणाला हे तर पिल्लांचं खाणं. पोस्टडॉकच्या प्रपोजलमध्ये मी दोन पानं लिहून जे सांगितलं ते त्यानं चार शब्दांत सांगितलं होतं.

आणि तो सगळा चिखल बघताना मला काय वाटायचं तर आपली विश्वामित्री शेवटी इथेच येते. ढाढर नदीला मिळून खंभातच्या आखातात. काळ्या घोड्याच्या पुलाखालून जे जातं, मगरींसकट सगळ्या शहराचं धुणं घेऊन, ते इथे या कोपेपॉडांच्या अंगावर येतं. तेव्हा बडोद्यात समुद्र नाही असं मी तरी म्हणत नाही.

आता पोस्टडॉकचं. उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्यात जमिनीकडून थंड कोरडे वारे येतात, वरचं पाणी गार होऊन जड होतं आणि खाली बुडतं, खालचं खतं घेऊन आलेलं पाणी वर येतं, आणि वनस्पती-प्लवक भरभरून वाढतात. एनआयओच्या, म्हणजे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या, मधुप्रताप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये हे मांडलं, आमच्या विषयात ते सगळे वाचतात. पावसाळ्यात पुन्हा दुसरी वाढ, ती ओमान-सोमालियाकडे आणि आपल्या केरळ किनाऱ्याला, वाऱ्यामुळे खालचं पाणी वर आल्यामुळे. म्हणजे वर्षात दोनदा सुगी आणि मधे कडकी. मग प्राणी-प्लवकही तसेच वाढायला आणि घटायला हवेत ना? तर वरच्या थरात ते वर्षभर जवळजवळ सारखेच सापडतात. याला अरबी समुद्राचा पॅरॉडॉक्स म्हणतात. कडकीत ते खातात काय, तर यावर मधुप्रतापांच्याच गटानं उत्तर सुचवलं होतं की जीवाणू, जीवाणू खाणारे एकपेशीय जीव आणि मग त्यांना खाणारे कोपेपॉड अशी एक आतली साखळी चालू राहते. मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा अक्षरशः झोप आली नव्हती. आपल्याकडे दुष्काळात लोक नाचणी-वरीवर काढतात तसं काहीतरी तिथे चाललंय आणि आपण ते एका बाटलीत मोजू शकतो.

आणि त्यात गेल्या पंचवीस वर्षांतली नवी गोष्ट म्हणजे हिरवी नॉक्टिल्युका. ही एकच पेशी पण साबुदाण्याच्या बारीक दाण्याएवढी, नुसत्या डोळ्यांना दिसते. पोटात हजारो बारीक हिरव्या पेशी पाळते, त्या उन्हात अन्न बनवतात आणि वर ही दुसऱ्यांना गिळतेही, डायटम नावाची एकपेशीय शेवाळं गिळते, कोपेपॉडांची अंडीसुद्धा गिळते. रात्री लाट फुटली की निळी चमकते, मुंबईच्या किनाऱ्याचे फोटो सगळ्यांनी बघितलेत, ते हिचेच किंवा हिच्या बहिणीचे. पूर्वी हिवाळ्यात तिकडे डायटमची वाढ व्हायची, २००० नंतर हिची व्हायला लागली. का, यावर भांडण आहे. २०१४ मध्ये एक मोठा पेपर आला की खालचं प्राणवायू कमी असलेलं पाणी वर येतं आणि ते हिला मानवतं, नंतर दुसऱ्यांनी दाखवलं की प्राणवायू भरपूर असलेल्या पाण्यातही ही तितकीच वाढते. मला विचाराल तर दोन्ही बाजूंनी पाणी नीट मोजलंय पण खाणाऱ्यांकडे पुरेसं बघितलेलं नाही. कोपेपॉडला ही फार मोठी पडते, तोंडात मावत नाही. जेलीसारख्या अंगाचे साल्प आणि जेलीफिश हिला खातात. मग जेली वाढली आणि कोपेपॉड घटले तर सुरमई-बांगड्याच्या पिल्लांनी काय खायचं? वरून उपग्रह बघतो, अहमदाबादच्या इस्रोच्या केंद्रात ओशनसॅटच्या कॅमेऱ्यावर आणि त्याच्या चित्रांवर काम होतं, पाणी किती हिरवं आहे त्यावरून हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी समुद्र-माहिती केंद्रातून कोळ्यांना मासे कुठे मिळतील तो सल्ला जातो, आणि ते फार मोठं काम आहे. पण हिरवं कोणी खाल्लं ते वरून दिसत नाही. त्याला जाळी टाकावी लागते आणि डोळा लावून बसावं लागतं.

माझ्या वाट्याला नेमकं हे आलंय. हिवाळ्यातल्या दोन मोहिमांत सॅम्पल गोळा करायचे, निम्मे मशीनमधून आणि निम्मे हातानं मोजायचे आणि दोन्हींत काय फरक पडतो ते बघायचं. मशीन म्हणजे झूस्कॅन, फ्लोकॅम वगैरे, प्राण्यांचे हजारो फोटो काढतात आणि कॉम्प्युटर त्यांना नावं देतो. वेग बघून डोळे फिरतात, मला एका सॅम्पलला कधी दोन दिवस लागतात आणि तिथे तासाभरात होतं. मी याच्या विरोधात अजिबात नाही. पण कॉम्प्युटरला शिकवलं कोणी? कुणीतरी बसून आधी हजारो फोटोंना हातानं नावं दिली, हा पॅराकॅलानस, हा ओइथोना, ही नुसती टाकलेली कात, हा प्राणीच नाही कापडाचा धागा आहे. ज्यानं नाव दिलं त्याला जेवढं येतं तेवढंच मशीनला येतं. आणि फोटोत पाचवा पाय दिसत नाही! प्राणी कुशीवर, पाय अंगाखाली, त्यामुळे मशीन वंशापर्यंत येऊन थांबतं. डीएनएचं पण तेच, पाण्यातल्या डीएनएवरून यादी करता येते पण त्या डीएनएशी ताडून बघायला आधी कुणीतरी ओळख पटवलेला प्राणी तिथे नोंदलेला लागतो, आणि आपल्या समुद्रातल्या कितीतरी जातींचा तो नोंदलेलाच नाही. म्हणून त्या मॅडमचा प्रश्न. त्यांनी नंतर फोनवर मला सांगितलं की अर्ज भरपूर आले, कोडिंग सगळ्यांना येतं, पाय काढणारी मी एकटी निघाले. हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं पण घाबरायला झालं.

घाबरायला का झालं तर एक जुनी गोष्ट आठवली. लेक लहान असताना मी एका कॉलेजात व्हिजिटिंग लेक्चर घ्यायचे, नाव लिहीत नाही. तिथे प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत लाकडी कपाटात बरण्या होत्या, तीसेक वर्षांपूर्वी कुणा सरांनी ओखा, जामनगरकडून आणलेले प्लवकांचे सॅम्पल, प्रत्येक बरणीत पेन्सिलनं लिहिलेली कागदी चिठ्ठी, तारीख, वेळ, भरती का ओहोटी, पाण्याचं तापमान. फॉर्मॅलिन कमी झालं होतं, मी विचारलं की मी दर महिन्याला भरत जाऊ का, हो म्हणाले. दिवाळीच्या सुट्टीत खोलीचं रिनोव्हेशन झालं. सुट्टीनंतर गेले तर कपाट नव्हतं. बरण्या धुऊन उलट्या घालून वाळत ठेवल्या होत्या, रांगेनं, स्वच्छ. आतलं बेसिनमध्ये ओतलं होतं. कुणी वाईट हेतूनं केलं नाही, त्यांना ते कुजकं पाणी वाटलं. मी त्या दिवशी लेक्चर घेऊ शकले नाही. तीस वर्षांपूर्वीच्या एका सकाळचा समुद्र होता तो, आता कुठलंही मशीन आणलं तरी ती सकाळ परत येणार नाही. १९५९ ते १९६५ ची जी आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम झाली तिचे प्लवक कोचीच्या केंद्रात वेगळे करून जपले म्हणून त्यांवर आजही काम होऊ शकतं, आणि त्याच मोहिमेतून पुढे १९६६ मध्ये एनआयओ उभी राहिली. जपणारा माणूस असला की होतं हे.

घरचं थोडं सांगते. आत्याबाईंचा पहिला प्रश्न, "पगार की स्टायपेंड?" प्रश्न अगदी बरोबर आहे. प्रोजेक्टमधली रिसर्च असोसिएटची जागा असली तर २०२३ पासून पहिल्या पायरीला महिना ५८,००० आणि घरभाडं, मला तेच आहे. पीएफ-पेन्शनचं नाव नाही आणि दोन वर्षांनी काय ते कुणी सांगत नाही. चाळिशीच्या जवळ आलेल्या माणसाला हे अवघड आहे आणि ते मी गोड करून सांगणार नाही. नवरा मकरपुऱ्याला नोकरीला, तो इथेच राहणार, लेक माझ्याबरोबर येणार, दुसरीत आहे, तिथल्या शाळेत घालू, सासूबाई पहिले सहा महिने येतायत. त्या स्वतःहून म्हणाल्या येते म्हणून. जहाजावर मी तीन-तीन आठवडे असेन तेव्हा त्या नसत्या तर हे झालंच नसतं, एवढं सरळ आहे.

इथल्या मुलामुलींसाठी, जी झूऑलॉजी-बॉटनी करून आता काय म्हणून मला मेसेज करतात, थोडं लिहिते. पोस्टडॉक म्हणजे अजून एक डिग्री नाही. पीएचडीत गाइडनी दिलेला प्रश्न घेऊन आपण काम शिकतो, पोस्टडॉकमध्ये प्रश्न आपण घेऊन जायचा असतो. जाहिरात यायची वाट बघत बसू नका, ज्यांचं काम आवडलं त्यांना लिहा, पण त्यांचे दोन-तीन पेपर खरंच वाचून लिहा आणि आपल्याला हातानं काय करता येतं ते पहिल्या चार ओळींत लिहा. मी सहा ठिकाणी लिहिलं, दोघांनीच उत्तर दिलं. देशातली नॅशनल पोस्टडॉक फेलोशिप पूर्वी एसईआरबी या सरकारी मंडळाची होती ती आता त्याच्या जागी आलेल्या एएनआरएफकडे आहे, दोन वर्षांची, तिला वयाची अट असते आणि बायकांना त्यात सवलत असते, तेव्हा माझ्यासारखी गॅप असलेल्यांनी आधीच नाही म्हणू नका, नियम नीट वाचा. युरोपची मारी क्युरी फेलोशिप हवी असेल तर पीएचडीनंतरचा संशोधनाचा अनुभव आठ वर्षांपेक्षा जास्त चालत नाही, गॅप त्यात धरत नाहीत, आणि ज्या देशात जायचंय तिथे मागच्या तीन वर्षांत बारा महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं चालत नाही. रेफरन्स लेटर देणाऱ्यांना महिनाभर आधी सांगा, आदल्या दिवशी नाही. आणि गॅपबद्दल विचारलं तर खरं ते सांगा, मी सांगितलं की मुलगी झाली आणि फुलटाइम नोकरी मिळाली नाही, तरी त्या काळात घरी मायक्रोस्कोप होता आणि सूरसागर तळ्याच्या पाण्यातले रोटिफर नावाचे बारीक जीव बघत होते. त्यावर कुणी काही बोललं नाही, पुढचा प्रश्न आला.

जायला आता तीन आठवडे राहिलेत. एक काम मात्र मी जायच्या आधी करून जायचं ठरवलंय. एम.एस्सी.ची एक मुलगी आहे, इथलीच, वाडी भागातली, तिला दर रविवारी सकाळी घरी बोलावते, कावीच्या जुन्या सॅम्पलवर. पहिल्या रविवारी तिनं तीन प्राणी फोडले, डोळ्यांत पाणी आलं, म्हणाली ताई माझा हात थरथरतो. म्हटलं माझाही थरथरायचा, कोपर टेकव. दुसऱ्या रविवारी पाय निघाला पण उडून हरवला, दोघी अर्धा तास ग्लिसरीनमध्ये शोधत होतो.

काल तिसरा रविवार. अकार्टियाचा नर, जेमतेम एक मिलिमीटर. पंखा बंद, खिडकी बंद, खाली फाफडा-जिलेबी आलेली आणि सासूबाई दोनदा हाक मारून गेलेल्या. तिनं डाव्या सुईनं छाती धरली, उजवी टेकवली, आणि सांध्याच्या वरून एका दाबात पाय सुटा झाला, दोन्ही बाजू अखंड, उजवीकडची पकड अगदी स्पष्ट. तिच्या कपाळावरून घाम ओघळून आयपीसवर पडला तरी ती हलली नाही. मी बघितलं, जात बरोबर ओळखली होती तिनं. मी उठून पंख्याच्या बटणाकडे हात नेला तशी ती मान वर न करता म्हणाली, "थांबा ताई, कव्हरस्लिप घालू दे आधी."